बांधेल त्याने आधी उतरावं

३ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

जेवणाचं टेबल, त्याच्या सहा खुर्च्या. माळ्यावर जायची घडीची शिडी. हिच्या शिलाई मशीनचं झाकण. नातीचा झोपाळा. कोपऱ्यावरच्या दुकानाची ताडपत्रीची छपरी, जी मागच्या वादळात उडाली नाही. शेजारच्या दुकानाची उडाली. उंच भिंती रंगवणाऱ्या रंगाऱ्यासाठी लटकून बसायचं आसन. गल्लीतल्या पोरांची दप्तरं, ज्यांचे बंद आजवर एकदाही तुटलेले नाहीत. माझे स्वतःचे बूट. हे सगळं मी या दोन हातांनी केलं. शिकवायला कोणी नव्हतं, आणि एकाही वस्तूला दुसऱ्या कोणाची टीप नाही.

"पलटणीतून सुटलास, आता दिवसभर करतोस काय?" असं तू विचारलंस, म्हणून यादी दिली.

आणि दुसरं तू विचारलंस की आमच्या घरात अजून कवायत चालते का. चालते. कवायत म्हणजे डावा-उजवा नव्हे. पलटणीत मी विमानातून उडी मारणाऱ्यांच्या छत्र्या बांधायचो हे तुला माहीत आहेच. लांब टेबलावर कापड पसरायचं, घडीवर घडी, दोऱ्या एकीवर एक न चढवता आत सारायच्या, वर नाव लिहायचं. अधूनमधून उस्ताद यायचा, थप्पीतली कुठलीही एक छत्री ओढायचा, नाव वाचायचा आणि ती ज्याने बांधली त्याच्याच पाठीवर चढवायचा. "चल. विमान वाट बघतंय." बास. त्या एका नियमामुळे आमच्या खोलीत कोणी गप्पा मारत घडी घातली नाही.

तोच नियम मी घरात लावला. जो करेल, त्याने आधी वापरायचं. नातीच्या झोपाळ्यावर आधी मी बसलो. ती रडली, पण फांदी टिकली. रविवारी स्वयंपाक माझा असतो आणि पहिला घास मीच घेतो. ही पोरांना म्हणते, "यांच्या तोंडाकडे बघा. त्यावरून ठरवू, जेवायचं की पाव आणायचा."

भाऊजी कसे आहेत? तू प्रत्येक पत्रात "बरे आहेत" एवढंच लिहितेस. हे उत्तर नाही, ही टाळाटाळ आहे.

तुझा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी यादी यांना वाचून दाखवली. म्हणाले, "म्हणजे शिंपी बरा झालाय म्हणायचा." पुष्कळ दिवसांनी हसले, म्हणून तुला शिंपी म्हटल्याचा राग मानू नकोस.

आता टाळत नाही, लिहिते. पाय गुडघ्याखाली कापल्यावर यांना दवाखान्यातून घरी आणलं, ते शेवटचं. त्यानंतर हे खाली उतरलेले नाहीत. आमचा जिना तू बघितला आहेस. लोखंडी, गोल, एका वेळी एक माणूस जेमतेम वळतो. कुबड्या पायरीवर टेकतच नाहीत. त्या दिवशी चार शेजाऱ्यांनी यांना चादरीत घालून वर आणलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकाचा हात सुटला, यांचं डोकं कठड्यावर आपटलं, आणि कोणीतरी चेष्टेत म्हणालं, "सांभाळा रे, माल नाजूक आहे." सगळे हसले. हे नाही हसले. वर आल्यावर मला म्हणाले, "आता मला तिरडीवरच उतरव."

आयुष्यभर बस चालवलेला माणूस. दुसऱ्याच्या गाडीत बसायची वेळ आली तर उभ्याने प्रवास करायचा, ब्रेकवर पाय असल्यासारखा जमीन दाबायचा. आता मागच्या गॅलरीत बसतात. तिथून रस्ता दिसत नाही, नुसता चढ ऐकू येतो. बस आली की डोळे मिटून ऐकतात आणि बडबडतात, "गाढवा, आता टाक की दुसरा गिअर."

खालच्या मजल्यावर खोली शोधून थकले. मिळत नाही. तू आपलं सैन्य घेऊन इकडे येऊ नकोस हं. मी तुला ओळखते.

ताई


२ मार्च

ताई, नमस्कार.

येतो आहे.

पुढची मापं घेऊन लगेच कळव. भाऊजींच्या छातीचा घेर, श्वास भरून आणि श्वास सोडून, दोन्ही. बसल्यावर कंबरेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी. वजन, अंदाज नको, काट्यावरचं. गॅलरीच्या कठड्याची उंची. वरच्या स्लॅबची जाडी, आणि तो कुठे ठिसूळ वाजतो का ते हातोडीने ठोकून.

कल्पना सांगतो. तुझ्या मागच्या गॅलरीखाली सरळ अंगण आहे, मध्ये काहीही आडवं नाही. वर एक लोखंडी गर्डर बसवायचा, त्याला कप्पी. कप्पीतून दोर, दोराला जाड कापडाची खुर्ची. पट्टे छातीला, कमरेला आणि मांड्यांखाली. ब्रेकची मूठ कठड्याला. मूठ दाबली तर दोर सुटतो, हात काढला तर जागच्या जागी अडकतो. म्हणजे सोडणारा घाबरला, शिंकला, चक्कर येऊन पडला, तरी बसलेला माणूस पडत नाही. वर यायला चार कप्प्या, खालून दोघांनी ओढलं की झालं. तो गोल जिना भंगारवाल्याला दिला तरी चालेल.

भाऊजींना आत्ता काही सांगू नकोस. आधी सांगितलं की माणूस कारणं शोधत बसतो. विमानाच्या दारात कोणी चर्चा करत नाही.

शिलाई चालू केली आहे. प्रत्येक जोडाला चौकोन आणि चौकोनात फुली, मेणाचा दोरा. शनिवारी पोचतो.

धाकटा


२७ मार्च

धाकट्या,

ताट वाढून ठेवलं होतं. तसंच टाकून गेलास. तुझ्या पलटणीत हे चालायचं?

तुझी खुर्ची चांगली आहे, यात वाद नाही. दोन दिवस तू गॅलरीत भोकं पाडत होतास, सगळी चाळ बघायला आली. दुसऱ्या मजल्यावरच्या नळवाल्याने तर काम सोडून तुला पाने धरून दिले. आणि तू स्वतः खाली गेलास, माझ्या हातात मूठ देऊन, एकदा नव्हे तर तीनदा, शेवटच्या वेळी वाळूची गोणी मांडीवर घेऊन. तू खालून ओरडलास, "शाब्बास ताई, मूठ बरोबर धरलीस!" तेव्हा मला लहानपणीसारखं वाटलं. हे सगळं यांनी आतून बघितलं. एक प्रश्न विचारला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग तू आत आलास आणि म्हणालास, "चला भाऊजी, तुमची पाळी. उठा."

"कोण सोडणार मला?"

"ताई."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

"नुसतं बसायला मी इथे बरा आहे."

इथे तू थांबायचंस, धाकट्या. पण तू म्हणालास, "घाबरता काय? मी स्वतः उतरून आलोय ना!"

चढावर ब्रेक गेलेली भरलेली बस या माणसाने भिंतीला घासत घासत उभी केली होती. एका उतारूला खरचटलंही नाही. त्याला तू माझ्यासमोर, नळवाल्यासमोर "घाबरता काय" म्हणालास. हे म्हणाले, "तुझी शिलाई तपासलीस तू. उत्तम आहे. मला कोणी विचारलं?" आणि आपली बसायची खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

तू गेल्यापासून हे गॅलरीतही येत नाहीत. दार लावून घेतात. बस येते, जाते, कोणाला शिव्या पडत नाहीत. आधी निदान तेवढं तरी होतं.

ताई


६ एप्रिल

ताई, नमस्कार.

ताटाबद्दल तू म्हणतेस ते बरोबर. उलट टपाली पत्र लिहिलं नाही, कारण पहिली दोन फाडली.

माझं काम चोख आहे. गर्डरला पेलणार नाही असं वजन मी बांधलेलं नाही. पट्ट्याची एक टीप उसवलेली दाखव, मी शिवणाची सुई मोडून टाकीन. मी स्वतः लटकलो, स्वतः उतरलो. यापेक्षा जास्त माणसाने काय करायचं? नियम मी पाळला. पुढचं पाऊल ज्याचं त्याने टाकायचं असतं आणि ते भाऊजींनी टाकलं नाही, याला माझा इलाज नाही.

"घाबरता" हा शब्द मागे घेतो. त्यांना तसं सांग. बाकीचं काही मागे घेत नाही.

खुर्ची नको असेल तर नळवाल्याला सांगून काढून टाक. गर्डर भंगारात जाईल. कापड मात्र परत पाठव, पावसात कुजायला ठेवू नकोस.

धाकटा


१४ एप्रिल

धाकट्या,

निरोप सांगितला. नुसतं "हं" म्हणाले.

गर्डर राहू दे, कपडे वाळत घालायला बरा पडतो.

एक विचारायचं होतं, सहज. पट्टे बांधताना आधी छातीचा की कमरेचा? मांडीखालचे पट्टे उलटे पडले तर कसं ओळखायचं? बकल लागलं हे नुसत्या आवाजावरून कळतं की ओढून बघावं लागतं? आणि माणूस माझ्यासारखा अंगाने भरलेला असेल, म्हणजे समजा, तर पट्टा किती घट्ट चालतो?

वहिनीला आठवण सांग.

ताई


२० एप्रिल

ताई, नमस्कार.

कपडे वाळत घालायला छातीचा पट्टा कशाला लागतो हे मला समजलं नाही. बहुधा तू सगळं नीट घडी करून पाठवणार आहेस आणि बकलं लावून ठेवायची आहेत. चांगली सवय आहे. उत्तर देतो.

आधी कमर, मग मांड्या, शेवटी छाती. मांडीखालचा पट्टा उलटा पडला तर लाल दोऱ्याची जाड शिवण वर दिसते. मी मुद्दाम तशी घातली आहे, आंधळ्यालाही बोटांनी कळेल. बकलाच्या आवाजावर कधी विसंबू नये. आवाज झाला की ओढायचं, ओढलं की अंगठा आत घालून बघायचं. अंगठा गेला तर ठीक, मूठ गेली तर सैल. भरलेल्या माणसालाही हेच. दोर तुझ्या दुप्पट वजनाला हसत पेलेल.

ही म्हणते, "तुमच्या बहिणीचं पत्र मला वाचायला द्या, तुम्हाला बायकांची पत्रं वाचता येत नाहीत." दिलं. वाचून नुसती हसली. काय ते सांगत नाही.

धाकटा


४ मे

शिंपीबुवा,

तुला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. माझा हात स्टिअरिंगचा, अक्षर खड्ड्यातून गेल्यासारखं येईल, सांभाळून घे.

रविवारी सकाळी तुझी बहीण आत आली. केस घट्ट बांधलेले, अंगावर तुझे ते सगळे पट्टे चढवलेले. मला वाटलं डोकं फिरलं. म्हणाली, "बाहेर या आणि मूठ धरा." मी म्हटलं, "कशाला?" तर म्हणते, "माझ्या भावाचा नियम आहे. बांधेल त्याने आधी उतरायचं. तो उतरून दाखवून गेला, पण तुम्हाला रोज काय तो येऊन बांधणार आहे? बांधणार मी. म्हणजे पाळी माझी. धरता, की नळवाल्याला हाक मारू?"

नळवाल्याला हाक मारू म्हणाली. मग आलो.

तिने एकेक बकल लावलं, ओढलं, अंगठा घालून बघितला, आणि कठड्यावरून पाय बाहेर टाकले. अंगाने भरलेली बाई, जिला बसमध्ये बाहेरच्या बाजूची सीट कधी चालली नाही. मी मूठ दाबली. जरा जास्त दाबली गेली. ती हातभर खाली गेली आणि मला जे म्हणाली ते इथे लिहीत नाही. मग मुठीचा अंदाज आला. उतारावर भरलेली गाडी असते ना, तसं. तिला दाबून धरायचं नसतं, श्वास घेऊ द्यायचा असतो. दुसऱ्या मजल्यापासून खाली तर मी तिला असं नेलं की मांडीवर पाण्याचा पेला असता तरी हिंदकळला नसता. अंगणात पाय टेकले, पट्टे सोडले, आणि सगळी चाळ ऐकत असताना वर बघून ओरडली, "घाबरता काय!"

आता माझं ऐक. तू म्हणालास ते खरं होतं. घाबरलो होतो. पण घाबरलेल्या माणसाला हातात काहीतरी लागतं, आणि तू माझे हात मांडीवर ठेवायला सांगितलेस. मी मालासारखा उतरणार नाही. कोणी कितीही प्रेमाने सोडलं तरी नाही. ब्रेक ज्याच्या हातात, गाडी त्याची. ती मूठ खुर्चीला, माझ्या उजव्या हाताशी आणता येते का? येत नसेल तर तसं लिही. तुला नावं ठेवणार नाही.

भाऊजी


११ मे

भाऊजी, साष्टांग नमस्कार.

येते. आणली आहे. सोबतच्या पार्सलमध्ये आहे.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं, एकदा हिला वाचून दाखवलं. मी आयुष्यभर छत्र्या बांधल्या. उडी मारणाऱ्याच्या दोन्ही हातांत दिशा धरायच्या दोऱ्या असतात, त्या मीच जोडायचो. तरी मी तुमच्यासाठी बिनदोऱ्यांची छत्री शिवली. आणि बांधणारा कोण, हे माझ्यापेक्षा ताईला बरोबर कळलं. हा माझ्या बहिणीचा मोठेपणा. मी त्याचा वाटा मागत नाही, पण बहीण माझी आहे, एवढं चाळीत सांगायला हरकत नसावी.

नवी मूठ पितळेची आहे. घडवली मीच. बसचा हातब्रेक जसा धरतात तशी धरता येईल, जाडी तुमच्या पंज्याची; पंजा मी हात मिळवताना मोजला होता. कार्यशाळेच्या तुळईवरून मी तिच्यावर उतरलो. ही खाली स्टूल टाकून बसली होती. म्हणाली, "विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत तेवढं सांगा आणि सुटा."

एक अट आहे. दुसरा, बारीक दोर वर ताईच्या हातात राहील. यावर वाद नको. बसलाही दोन ब्रेक असतात.

तुमचा,
शिंपी


२३ मे

धाकट्या,

मूठ नळवाल्याने बसवली. बसवल्यावर मी आधी उतरले, आता मला मुळीच भीती वाटत नाही. मधल्या मजल्यांवर कोणाच्या घरात काय चाललंय तेही दिसतं.

मग यांची पाळी. सकाळी दोनदा दाढी केली. गणवेशाचा शर्ट कपाटातून काढायला लावला, इस्त्री स्वतः केली, कारण म्हणे मला कॉलर जमत नाही. पट्टे मी बांधले. कमर, मांड्या, छाती. अंगठा घातला. हे कठड्यावर बसले, एक पाय बाहेर, आणि बराच वेळ तसेच. मी जीभ दाताखाली धरून उभी राहिले. यांनी उजव्या हाताने मूठ चाचपली, थोडी दाबली, सोडली, परत दाबली. मग मला म्हणाले, "घंटी मार."

"कसली घंटी?"

"कंडक्टर आहेस ना? घंटी मार."

मी पट्ट्याच्या बकलावर किल्ली आपटली, दोनदा. हे निघाले.

दुसऱ्या मजल्याशी गेल्यावर एकदम थांबले. मी वरून ओरडले, "काय झालं? अडकलं का?" खालून शांतपणे आवाज आला, "थांबा आहे." नळवाल्याची बायको खिडकीत होती, तिच्याशी दोन शब्द बोलले, तिच्या सासूची चौकशी केली, आणि पुढे निघाले. जिन्यात याच मजल्याच्या वळणावर यांचं डोकं आपटलं होतं. तिथेच थांबले, मुद्दाम.

अंगणात चादरवाले चौघेही उभे होते. कोणी हात पुढे केला नाही. मीच आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. यांनी स्वतः पट्टे सोडले, खुर्चीला अडकवलेल्या कुबड्या घेतल्या, फाटकातून बाहेर पडले. मी जिन्याने पळत खाली आले तोवर हे चढाच्या कोपऱ्यावर पोचलेसुद्धा, आणि एका तरुण ड्रायव्हरची बस अडवून त्याच्या खिडकीशी उभे राहून त्याला गिअर शिकवत होते. मागे गाड्यांची रांग लागली होती. उतारूही ओरडत होते. यांना काही ऐकू येत नव्हतं.

आता रोज जातात. वर यायच्या वेळी दोर ओढायला चाळीतली माणसं आपणहून येतात, आणि हे वरून सूचना देतात. माणूस परत असह्य झाला आहे. तुझे उपकार कसे मानू?

ताई


१२ जून

ताई, नमस्कार.

उपकार नकोत. भाऊजी असह्य झाले हे वाचून माझी छाती पट्ट्यात मावेना.

पलटणीत मला एक पदक मिळालं होतं, ते पेटीत आहे. तुझं पत्र मात्र मी कार्यशाळेत टेबलासमोर लावलं आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. चौघांना "हात पुढे करू नका" असं आदल्या दिवशी सांगून ठेवणं, हे मला सुचलं नसतं. मी त्यांना रांगेत उभं केलं असतं.

इकडे अजून दोन घरांत खुर्च्या बसवल्या. एकीकडे मुलगी आईला बांधते. पहिल्यांदा उतरताना ती मुलगी डोळे मिटून रडली, दुसऱ्यांदा गाणं म्हणत उतरली. दुसरीकडे नवरा, धिप्पाड, हमाली करणारा. तो म्हणाला, "मी कशाला? मी धडधाकट आहे." मी म्हटलं, "म्हणूनच." उतरल्यावर त्याने बायकोचे पट्टे स्वतःहून परत एकदा तपासले. मूठ दोन्ही ठिकाणी बसणाऱ्याच्या हातात.

भाऊजींना सांग, पितळ आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसायचं. तेल लावायचं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. परवा एक साहेब मोठ्या गाडीतून आले होते. दवाखान्यांना सामान पुरवणारी त्यांची कंपनी आहे. हमालाच्या घरची खुर्ची बघून आले. तिचे सगळे हक्क विकत मागत होते. मूठ वर कठड्यालाच ठेवणार, स्वस्त पडते म्हणून. आणि खुर्ची खोक्यात घालून पाठवणार, बसवायला माणूस जाणार नाही, कोणी आधी उतरून बघणार नाही. मी म्हटलं, "आणि बांधणाऱ्याला कोण शिकवणार?" म्हणाले, "आत पुस्तिका असेल ना." मी त्यांना चहा पाजला, गाडीपर्यंत सोडलं आणि नाही म्हणून सांगितलं. ही म्हणाली, "बरं केलंत." पण आकडा तिने मला दोनदा विचारला, म्हणून तुलाही सांगून ठेवतो. साडेनऊ लाख.